वास नव्हे, खाट

दिवाळीनंतरच्या दिवसांत नंदुरबारला गेलं की शहराच्या कडेची मोकळी मैदानं लाल झालेली दिसतात. व्यापारी शेतकऱ्याकडून ओली लाल मिरची घेतात आणि या मैदानांवर पसरून वाळवतात. या जागेला गावात पथारी म्हणतात. पिकलेल्या ओल्या मिरचीत दोन तृतीयांशाहून जास्त पाणी असतं. ते उन्हात उडून जायला वेळ लागतो, आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर सगळ्या पथारीवर ताडपत्र्यांची धावाधाव सुरू होते. मिरचीच्या बाजारात गुंटूरनंतर नंदुरबारचं नाव घेतलं जातं. जरेला, फापडा, लाली ही वाणांची नावं इथे पोराटोरांनाही पाठ असतात.

मी पहिल्यांदा पथारीवर गेलो तेव्हा लांबून काहीच जाणवलं नव्हतं. उलट उन्हात तापलेल्या मिरचीचा थोडा गोडसर, सुक्या गवताची आठवण करून देणारा वास बरा वाटला. बायकांची एक रांग बसून देठ खुडत होती. प्रत्येकीने नाकातोंडावरून पदर किंवा ओढणी घट्ट गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे. मी जवळ गेलो, वाऱ्याची झुळूक फिरली आणि पुढची दोन मिनिटं मी कुठे उभा आहे हेच मला कळेनासं झालं. आधी श्वास अडला. मग नाकाच्या मुळाशी सुई टोचल्यासारखं झालं, डोळ्यांतून पाणी आलं आणि एकामागून एक सात-आठ शिंका. रांगेतली एक जण हसून म्हणाली, “भाऊ, वाऱ्याच्या तोंडाशी नका उभे राहू, इकडे या.” ती स्वतः त्याच खकाण्यात सकाळपासून बसली होती आणि तिला एकही शिंक आली नव्हती.

त्या दोन मिनिटांत माझ्या नाकाला जे कळलं तो वास नव्हता. वास मला आधीच आला होता, आणि तो चांगला होता. नंतर आली ती खाट. मराठीने हा फरक फार पूर्वीच करून ठेवलेला आहे. मोगऱ्याचा वास येतो, मिरची नाकाला झोंबते. धूपाचा दरवळ सुटतो, तंबाखूचा खकाणा उठतो. आपण कधी ‘मोगरा झोंबला’ म्हणत नाही. शरीरशास्त्राला हे दोन वेगळे मार्ग नीट मांडायला बराच काळ लागला, पण आपल्या क्रियापदांनी ते आधीच वेगळे ठेवले होते.

याची परीक्षा घरीच करता येते. डोळे मिटून बसा आणि दुसऱ्याला सांगा की दोन सारख्या बाटल्या तुमच्या दोन नाकपुड्यांशी एकाच वेळी धर. एकीत गुलाबपाणी, दुसरीत नुसतं पाणी. गुलाबाचा वास येईल, पण तो डावीकडून आला की उजवीकडून, हे बहुतेकांना ओळखता येत नाही. नुसता अंदाज सांगतात. आता गुलाबपाण्याच्या जागी पेपरमिंटचा अर्क किंवा चुरडलेला ओवा ठेवा. आता बाजू लगेच कळेल, कारण त्या नाकपुडीत गार किंवा चुरचुरीत काहीतरी ‘लागलेलं’ असतं. प्रयोगशाळेतही नाकाची ही दुसरी संवेदना तपासायला अशीच युक्ती वापरतात. कार्बन डायऑक्साइडचाही तिथे उपयोग होतो, कारण त्याला वास नसतो पण तो टोचतो. सोड्याची ढेकर नाकातून आली की जे होतं तेच ते.

वासाची नस ही मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पहिली. तिचे तंतू नाकाच्या छताशी, टपाल तिकिटाएवढ्या जागेत असतात. तिथल्या पेशींचे केसांसारखे धागे थेट ओल्या शेंबडात पसरलेले असतात आणि हवेतून येणारे रेणू त्यांच्यावर बसतात. खाट ओळखणारी नस मात्र पाचवी. तिला ट्रायजेमिनल म्हणतात, म्हणजे तीन फाटे असलेली. एक फाटा कपाळ आणि डोळ्यांकडे जातो, दुसरा गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरा खालच्या जबड्याकडे. दाढ दुखते तेव्हा बोंब मारते ती हीच नस. डोळ्यात कचरा गेल्याचं तीच सांगते, आणि नाकाचं आतलं अस्तरही पहिल्या दोन फाट्यांच्या ताब्यात आहे. म्हणजे मिरचीचा कण नाकात गेला तर मेंदूला जी खबर जाते ती दातदुखीच्या खात्यातली असते, अत्तराच्या खात्यातली नव्हे.

करोनाच्या काळात अनेकांचा वास गेला. तेव्हा काहींनी गोंधळून सांगितलं की कॉफीचा, लसणाचा वास येत नाही, पण व्हिक्सचा गारवा नाकात कळतो. त्यात गोंधळ काही नव्हता. पहिली नस बंद पडली होती, पाचवी चालू होती. कान-नाक-घशाचे डॉक्टर हा फरक फार आधीपासून वापरत आले आहेत. अपघातानंतर ‘मला वासच येत नाही’ म्हणणारा माणूस अमोनियाची बाटली नाकाशी धरल्यावरही ‘काही कळलं नाही’ म्हणाला, तर डॉक्टरांच्या मनात शंका येते. वास गेलेल्यालाही अमोनिया टोचायलाच हवा.

आता मिरचीत नेमकं काय असतं ते पाहू. तिखटपणा बियांत असतो असं घरोघरी सांगतात, पण तो मुळात बिया ज्यावर चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढरट शिरेत तयार होतो. बियांना तो लागलेला असतो, एवढंच. त्याचं नाव कॅप्सायसिन. याला स्वतःचा वास जवळपास नाहीच, आणि ते सहजासहजी वाफ होऊन उडतही नाही. म्हणूनच झाडावरची ओली मिरची कितीही जहाल असली तरी नाकाला काही करत नाही. ती वाळते, शीर ठिसूळ होते, देठ खुडताना फुटते आणि तिचा पिठासारखा बारीक चुरा हवेत उठतो, तेव्हा कॅप्सायसिन नाकापर्यंत पोचतं. पथारीवर लांबून गोड वास आणि जवळून खाट, याचं कारण हेच. वास उडून आला होता, खाट मात्र धुळीवर बसून आली.

खाट ओळखणाऱ्या तंतूंची टोकं वासाच्या तंतूंसारखी उघड्यावर नसतात. ती अस्तराच्या पेशींमध्ये, पृष्ठभागापासून काही मायक्रॉनवर, पेशींच्या घट्ट शिवणीखाली थांबलेली असतात. कॅप्सायसिन तेलात विरघळणारं असल्याने ते शिवणी टाळून पेशींच्या तेलकट आवरणातूनच आत शिरतं. पाण्याने तोंड धुऊन मिरचीचा जाळ का जात नाही आणि दुधाने, तुपाने थोडा का शमतो, त्याचंही उत्तर यातच आहे.

आत गेल्यावर ते एका प्रथिनाच्या दारावर थाप मारतं. 1997 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे दार शोधून काढलं. आज त्याला टीआरपीव्ही-1 म्हणतात. 2021 मध्ये ज्युलियस यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत वैद्यकाचं नोबेल मिळालं त्यात या शोधाचा मोठा वाटा होता. गंमत अशी की हे दार मिरचीसाठी बनलेलंच नाही. ते उष्णतेसाठी आहे. साधारण 43 अंश सेल्सियसच्या पुढे, म्हणजे जिथून गरम हे भाजणारं व्हायला लागतं तिथे, ते आपोआप उघडतं. कॅप्सायसिन तेच दार थंडपणे उघडतं. दार उघडलं की कॅल्शियम आणि सोडियमचे भारित कण पेशीत घुसतात, विजेची लहर निघते, आणि मेंदूला निरोप मिळतो की आग लागली आहे. आग नसते.

इंग्रजी बोलणारे मिरचीला गरम म्हणतात. आपण तिखट म्हणतो, आणि तिखट शब्दाचं मूळ तीक्ष्ण, म्हणजे धारदार. त्यांनी भाजणं ऐकलं, आपण टोचणं ऐकलं. पाचव्या नसेत दोन्ही प्रकारचे तंतू आहेत, काही जलद आणि टोचणारे, काही सेकंदाला मीटरभर सरकणारे आणि जळजळणारे. त्यामुळे या भांडणात मी कोणाची बाजू घेणार नाही. नाकात आधी सुई टोचते आणि मग आग मागून येते, हा अनुभव ज्याने पथारीवर घेतला आहे त्याला दोन्ही शब्द लागतात.

पोपटाला यातलं काही होत नाही. पक्ष्यांच्या पेशींतही उष्णतेचं हे दार असतं, पण त्याची घडण जराशी वेगळी आहे आणि कॅप्सायसिनची चावी त्याला लागत नाही. सस्तन प्राणी बी चावून मोडतात, पक्षी ते अख्खं गिळून लांब टाकतात. मिरचीच्या झाडाने कोणाला हाकलायचं आणि कोणाला जेवायला बोलवायचं याची सोय अशी केली आहे. माणूस हाकलला जायच्या ऐवजी तिची शेती करायला लागला, हे त्या झाडाच्या हिशेबात नव्हतं. मिरची मुळातली अमेरिका खंडाची, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली, आणि आज खानदेशी माणसाला ती परकी होती हे पटवून द्यावं लागतं.

मोहरीचा प्रकार वेगळा. अख्खी मोहरी नाकाशी धरली तर काही होत नाही. पण लोणच्यासाठी मोहरीची डाळ पाणी घालून फेसली की नाकातून थेट मस्तकात जाते. फेसताना दाण्यातली पेशी फुटते, आतलं एक विकर आणि आतलंच एक निरुपद्रवी संयुग पाण्यात एकत्र येतात आणि तिथल्या तिथे झोंबणारं तेल तयार होतं. हे तेल कॅप्सायसिनसारखं जड नाही, ते उडतं. म्हणून मिरची जिभेवर बसून राहते आणि मोहरी नाकात चढते. हिचं दारही दुसरं आहे, टीआरपीए-1. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा वायू, कच्चा लसूण, सिगारेटचा धूर, फॉर्मॅलिन, आणि तेल फार तापून धुरायला लागलं की त्यातून निघणारं अ‍ॅक्रोलिन, या सगळ्यांचं ते सामाईक दार आहे.

या दाराची काम करायची पद्धत मला फार हुशारीची वाटते. बहुतेक ग्राही, म्हणजे रेणू ओळखणारी पेशीवरची प्रथिनं, एखाद्या ठरावीक रेणूचा आकार ओळखतात, कुलूप-किल्लीसारखे. टीआरपीए-1 आकार बघतच नाही. त्याच्या अंगावर गंधक असलेल्या काही जागा उघड्या ठेवलेल्या आहेत, आणि जो कोणी आक्रमक रेणू शरीरातल्या प्रथिनांना चिकटून त्यांची नासधूस करायला येतो तो आधी या जागांना चिकटतो. चिकटला की दार उघडतं. म्हणजे चोराचं तोंड ओळखायचं नाही, चोरी करायचा प्रयत्न झाला की घंटा वाजवायची. म्हणूनच कारखान्यात काल जन्मलेलं, निसर्गाने कधी न पाहिलेलं रसायनही या नसेला कळतं.

घरातल्या फोडणीत या दोन्ही घंटा एकदम वाजतात. तेल धुरावलं की अ‍ॅक्रोलिन, त्यात मिरच्या पडल्या की तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर स्वार झालेलं कॅप्सायसिन. मग स्वयंपाकघरातून माजघरात आणि माजघरातून ओसरीवर एकेकाला ठसका लागत जातो. आमच्या घरी आजी कढईपासून हातभर लांब उभी राहून मिरच्या टाकायची आणि लगेच तोंड फिरवायची. तिला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण पहिल्या दोन सेकंदांत सगळ्यात दाट ढग उठतो हे तिला माहीत होतं.

आता नाक आणि घसा यांचाही घोळ मिटवून टाकू. शिंक पाचव्या नसेची, ठसका दहाव्या नसेचा. दहावी म्हणजे व्हेगस, तिचे तंतू स्वरयंत्रात आणि श्वासनलिकेत असतात आणि तिच्याही टोकांवर तीच दारं आहेत. नाकाने अडवलं नाही तर मिरची पुढे जाते आणि घसा तिला खोकून हाकलतो. पण या दोन्हींच्या आधी एक गोष्ट घडते, जिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही: श्वास अडतो. 1870 मध्ये ऑस्ट्रियन डॉक्टर फ्लोरियन क्राट्शमर यांनी सशाच्या नाकात धूर सोडून हे नोंदवलं. नाकाला झोंबलं की श्वास उच्छ्वासाच्या टप्प्यावर थांबतो आणि हृदयाची गती मंदावते. विचार करायला वेळ नसतो, म्हणून मेंदूच्या खालच्या भागातूनच आदेश सुटतो की आत काही घेऊ नकोस. मग डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शिंका. नाकाचं पाणी तर काही अंशी मेंदूला न विचारताच सुटतं. खाट लागलेल्या तंतूची लहर त्याच तंतूच्या शेजारच्या फांद्यांत उलटी फिरते, तिथे काही रसायनं सोडते, आणि रक्तवाहिन्या फुगून अस्तर सुजतं. झोंबलेलं नाक चोंदतं ते असं.

आणखी एक पहारा आहे, त्याचा शोध त्या मानाने अलीकडचा. 2003 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या थॉमस फिंगर यांच्या गटाने उंदरांच्या नाकाच्या अस्तरात विखुरलेल्या एकेकट्या पेशी दाखवल्या. त्यांच्यावर चक्क कडू चव ओळखणारे ग्राही असतात आणि त्या पाचव्या नसेच्या तंतूंना जोडलेल्या असतात. पुढे असंही दिसलं की काही जिवाणू आपसांत निरोप देण्यासाठी जी रसायनं सोडतात तीही या पेशींना कळतात. म्हणजे ही नस नुसता धूर-मिरची बघत नाही, जंतूंचं बोलणंही चोरून ऐकते.

या नसेच्या साक्षीची एक भयंकर आठवण भोपाळची आहे. 1984 च्या डिसेंबरमध्ये 2 तारखेच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटलं. वाचलेल्या कितीतरी लोकांनी पुढे एकच गोष्ट सांगितली: झोपेतून जाग आली ती शेजारी कोणीतरी मिरच्या जाळतंय असं वाटून. त्यांची कल्पनाशक्ती कमी पडली म्हणून नव्हे. मिथाइल आयसोसायनेटचा मिरचीशी रासायनिक संबंध काहीही नाही. पण 2009 मध्ये येल विद्यापीठातल्या स्वेन-एरिक योर्ट यांच्या गटाने दाखवलं की हा वायू, आणि पोलीस वापरतात तो अश्रुधूरही, मोहरीच्याच दाराने, टीआरपीए-1 ने, आत येतो. आणि ज्या तंतूंवर मोहरीचं दार असतं त्या बहुतेकांवर मिरचीचंही असतं. दारं दोन, पण घंटेची तार एकच. मेंदूला तार ऐकू येते, दार दिसत नाही. जन्मभर ती तार ज्या कारणाने वाजली होती तेच कारण भोपाळच्या माणसाने त्या रात्री सांगितलं. घंटा खरी होती. पण नाव चुकीचं होतं, आणि मिरची म्हटल्यावर कोणी घर सोडून पळत नाही, खिडकी लावून घेतं.

पथारीवरच्या त्या बाईला शिंक का आली नाही, हे सांगायचं राहिलं. पदर हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं की हे तंतू थकतात. हंगेरीत मिक्लोश यांचो यांनी 1940 च्या दशकात पाहिलं की कॅप्सायसिनचा मारा होत राहिला की ते तंतू फक्त मिरचीलाच नव्हे, इतरही झोंबणाऱ्या रसायनांना प्रतिसाद देईनासे होतात. कॅल्शियम सतत आत शिरत राहिल्याने टोकं आतून निकामी होतात, आणि मारा थांबला की हळूहळू पुन्हा सावरतात. याचाच औषध म्हणून उपयोग झाला आहे. ज्यांचं नाक ॲलर्जी नसतानाही गार वाऱ्याने, अत्तराने सतत वाहतं अशा काही रुग्णांच्या नाकात कॅप्सायसिन मारून त्या अतिउत्साही तंतूंना गप्प करतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून. घरी करायचा हा उद्योग नव्हे.

पण ‘सवय झाली’ या वाक्याचा मला पथारीवर राग आला. ते मुकादमही म्हणतो, व्यापारीही म्हणतो, आणि रांगेत बसलेल्या बायाही म्हणतात. सवय झाली म्हणजे धूळ कमी झाली असं नाही. घंटेची तार सैल झाली, एवढंच. धूळ पूर्वीइतकीच छातीत जाते, फक्त आता तिला अडवायला शिंक येत नाही. ओला रुमाल, दाट कापडाचा मास्क, वाऱ्याकडे पाठ करून बसायची रांग यातलं काहीच महाग नाही.

जाता जाता दृष्टीच्या मिरच्यांबद्दल. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या लेकराभोवती ओवाळून निखाऱ्यावर टाकतात, आणि ठसका लागला नाही तर ‘बघा, किती दृष्ट लागली होती’ म्हणतात. माझा अंदाज असा की निखारे रसरशीत असले, मिरचीने पेट घेतला, तर झोंबणारं द्रव्य ज्वाळेतच जळून जातं. निखारा राखेने झाकून मंद झाला असला तर मिरची धुमसते आणि सगळं घर खोकतं. दृष्ट मिरचीत नसते, राखेच्या जाडीत असते.

त्याच निखाऱ्याची एक गोष्ट मात्र कोणाच्याच नाकाला कळत नाही. सातपुड्याच्या थंडीत दार लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, म्हणून पहिली नस गप्प. तो प्रथिनांना टोचत-चिकटत नाही, रक्तातल्या लोहाला जाऊन बसतो, म्हणून पाचवीही गप्प. टीआरपीव्ही-1 उघडत नाही, टीआरपीए-1 उघडत नाही, श्वास अडत नाही, शिंक येत नाही, झोप मात्र येते. त्याच शेगडीत कोणी दृष्ट काढून मिरच्या टाकल्या असत्या, तर खोकत खोकत का होईना, कोणीतरी उठून दार उघडलं असतं.